कपाळावरची पेज

जेनी निळी पडली! आठ दिवसांची माझी पोर श्वासच घेईना, रिक्षा अजून यायची होती. बाप्तिस्मा राहिलेला, त्याशिवाय पोर गेली तर? हाताशी माझी निवलेली पेज होती, तीच कपाळावर ओतून बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला. पोर रडली, वाचली.

सहा वर्षं झाली. आज पेजेचा वास आला नि तेव्हा चर्चमध्ये फादरशी झालेलं बोलणं आठवलं.

"पेज म्हणजे पाणी न्हय गो."

"पेजेत पाणीच आसा मां, फादर?"

"सोयीचो अर्थ लावूक येना नाय. चर्चन पाणी सांगितला, ता आजव पाणीच."

मग 'आधी बाप्तिस्मा झाला नसेल तर' अशी अट घालून त्यांनी जेनीला पाण्याने बाप्तिस्मा दिला.

तेव्हा राग आला. आता वाटतं, प्रत्येकाने घाईत अर्थ बदलला असता, तर माझ्यापर्यंत या विधीतलं काय पोचलं असतं? पण तुम्ही काय केलं असतं? पोरीला टाकून पाण्यासाठी विहिरीवर धावला असता?