बक्षिसाची नावं

मी कॅसेटींवर लिहायला लागले ती निव्वळ आगाऊपणानं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं घर केडगावात, वडील सुप्याच्या एका कंपनीत वेल्डर, आणि मी नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला. क्लासमध्ये इंटरनेट नुकतंच आलं होतं. फोनची वायर काढून मोडेमला लावायची, मग तो किंचाळायचा, कुंथायचा आणि नशीब असेल तर लागायचा. मशीन बिघडलं की मीच ठीक करते म्हणून सरांनी मला रोज दुपारी अर्धा तास फुकट दिला होता. त्या अर्ध्या तासात मला एक मराठी मासिक सापडलं. कागदावरचं नव्हे, इंटरनेटवरचं. परदेशात राहणाऱ्या एक मराठी बाई ते हौसेनं चालवायच्या. एका अंकाच्या तळाशी लिहिलं होतं की नव्या कॅसेटी ऐकून त्यांवर लिहिणारे स्वयंसेवक हवेत, मानधन मिळणार नाही.

मी लगेच पत्र पाठवलं. संपादकबाईंनी विचारलं, "गाण्याचं शिक्षण किती झालंय?" मी कळवलं, "काही नाही. पण घरात टेपरेकॉर्डर आहे आणि मला कान आहेत." त्यांना हसू आलं असावं. त्यांनी घेतलं मला.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे काही केल्या पटेना.

"पगार न्हाई म्हंतीस. मग करायचं कशाला?"

"नाव येतं, अण्णा. सगळ्या जगात वाचतात."

"जग वाचतंय व्हय! आपल्या गल्लीत तरी कुनी वाचतंय का?"

मी चिडून तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मला राग तेव्हा फार लवकर यायचा आणि फार उशिरा जायचा. पण लिहीत राहिले. इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करून पाठवायची, बाई तिकडे ते नीट मराठीत करून लावायच्या. चार-पाच महिन्यांत मी लावण्या, भावगीतं, भजनं, जे हाताला लागेल त्याला मार्क देऊ लागले. कुणाचा सूर बसलेला, कुणाचं कोरस ढिलं. माझी भाषाही बदलली. "आशयघन" हा शब्द मी त्या काळात इतका वापरलाय की आता आठवलं तरी लाज वाटते.

मग गायककाकांची कॅसेट आली. काका आमच्याच गल्लीतले. बाकी वर्षभर शिवणकाम करायचे, आणि जयंतीचे दिवस आले की मशीनवर कापड टाकून पार्टी घेऊन गावोगाव भीमगीतं गायला निघायचे. त्या वर्षी त्यांनी जामखेडकडच्या एका गावातला अख्खा कार्यक्रम टेप करून घेतला आणि त्याची कॅसेट काढली. ते गाव माझ्या आत्याचं. तिथली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात आणि जयंतीला हमखास परत येतात, त्यामुळे गर्दी तुफान.

आता आमच्याकडे अशा कार्यक्रमांची एक रीत आहे. गाणं आवडलं की माणूस उठून स्टेजपाशी जातो, पेटीवर बक्षीस ठेवतो आणि कानात नाव सांगतो. कडवं संपलं की गायक गाता गाता थांबून ते नाव माईकवर पुकारतो, अमक्या गावचे अमके यांच्याकडून बक्षीस, सविनय जयभीम, आणि पुढचं कडवं उचलतो. कॅसेट थेट कार्यक्रमाची, त्यामुळे ही सगळी नावं तिच्यात जशीच्या तशी उतरलेली.

मी हेडफोन लावून ती ऐकली आणि माझं टाळकंच फिरलं. आवाज एवढा खणखणीत, शब्द एवढे नेमके, आणि रंग भरतोय तोवर आली नावं! मी लिहिलं, "दर कडव्याला नावांची भरताड. दर कडव्याला गाणं तुटतं. ही गाण्याची कॅसेट आहे की हजेरीपट?" बाईंना ते फारच आवडलं. मी त्याची प्रिंट काढली आणि मोठ्या तोऱ्यात काकांना नेऊन दिली.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली. रागावले नाहीत. "हजेरीपट" वाचून हसलेसुद्धा.

"बाहेरच्या देशात लोक वाचत्यात म्हंतीस?"

"हो, काका."

"मग बरोबरच आसंल. आमी काय, हितल्या हितं गाणारी माणसं." प्रिंटची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.

दुसऱ्या खेपेच्या कॅसेटी निघाल्या तेव्हा त्यांत एकही नाव नव्हतं. काकांनी सगळी कापून घेतली होती. माझ्या लिहिण्यानं कॅसेट बदलली! मी हे क्लासमध्ये सांगितलं, सुप्याच्या बसला थांबलेल्या अण्णांच्या दोस्तांना सांगितलं, ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलं. नवी कॅसेट ऐकली तेव्हा ढोलकी काही जागी मधेच अडखळल्यासारखी वाटली. त्यावरही मी दोन ओळी लिहून टाकल्या, की ढोलकीवाला चुकतो.

जुनी कॅसेट मग घरात नुसतीच पडून होती. मला तेव्हा एक खोड होती. लिहिलेलं कसं वाटतं हे ऐकायला मी ते मोठ्यानं वाचून टेप करायची. कोरी कॅसेट आणायची कशाला? जुनीच्या वरच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर परत टेप होतं. ती चिकटपट्टी मी लावली आणि पहिल्या बाजूला माझंच परीक्षण वाचून घेतलं. मग हौस म्हणून बाकीचीही वाचली. दोन्ही बाजू भरल्या.

दिवाळीच्या आधी आत्या आली. पावसाळ्यात तिचे मालक गेले होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात माणूस संपला. आता एकटीच उसाच्या टोळीबरोबर निघायच्या आधी ती दोन दिवस राहायला आली होती. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून एक कॅसेट काढली. दुसऱ्या खेपेची, नवीकोरी.

"ही इकत घेतली गं. पन ह्येच्यात न्हाईत."

"कोण नाहीत?"

तिच्याऐवजी अण्णाच बोलले, "मामांनी बक्षीस दिलं हुतं त्या कार्यक्रमात. पुकारलं हुतं त्यांचं नाव."

आत्यानं मान हलवली. "फोटू न्हाई घरात एक बी. तुज्याकडं पयली हाय म्हनं. तेवडं ऐकीव मला."

सांगून टाकायला हवं होतं, पण जीभ रेटेना. मला वाटलं, कुठेतरी, एखाद्या टोकाला राहिलं असेल. मी कॅसेट लावली. आत्या टेपरेकॉर्डरला अगदी खेटून बसली. आणि घरात माझाच आवाज घुमायला लागला. दर कडव्याला नावांची भरताड. दर कडव्याला गाणं तुटतं.

मी बंद केलीच नाही. आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यो तर तुजा आवाज हाय," ती म्हणाली. चिडून नाही, नवलानं. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "मग त्यास्नी कुठं घातलंस?"

मी रडले. बसल्या जागी, अण्णांच्या समोर, हुंदके देऊन रडले. आत्याच मला थोपटत होती, त्यानं तर अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठून काकांकडे गेले. त्यांच्याकडे मूळ टेप होती तशी उरली नव्हती. नावं कापली ती त्याच टेपेवर. त्यांनी कपाळावर हात मारला. "मीच तुजं ऐकलं ना," एवढंच म्हणाले. मग गल्लीत पाच-सहा घरी विचारलं. कॅसेट कुणाकडेच नव्हती. काका म्हणाले, "हितं कशी आसंल? ज्यांची नावं त्यांनीच नेल्या पयल्या. गावाला जा."

म्हणून क्लासमधून दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि आत्याबरोबर जामखेडची एसटी धरली. सगळा रस्ता तो टेप मांडीवर. आत्या खिडकीशी बसून बोलत होती, मामा चहात गूळच कसा घ्यायचे, बैलांशी कसे भांडायचे. नाव मात्र एकदाही नाही. तिनं नवऱ्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. ते गेल्यावरही घेणार नव्हती. त्या घरात ते नाव आता कुणाच्याच तोंडून निघणार नव्हतं, हे मला त्या एसटीत कळलं.

गावात पहिल्याच घरी कॅसेट निघाली. फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. घरचे आजोबा म्हणाले, "देत न्हाई हां. हितंच बसून काढून घे." आणि आधी त्यांनी मला त्यांचं स्वतःचं नाव ऐकवलं, दोनदा. ते पुकारलं जाताना त्यांनी बसल्या जागी पाठ सरळ केली. शेजारची दोघं आली, त्यांनाही आपापली नावं ऐकायची होती. मी प्रत्येकासाठी टेप पुढे-मागे करत राहिले. कुणी घाई केली नाही आणि मीही नाही केली.

कॉपी झाली. आत्याच्या घरी उंबऱ्यात बसून ती लावली. तिसरं गाणं, दुसरं कडवं. काकांचा आवाज थांबला आणि मामांचं नाव आलं, गावासकट, सविनय जयभीमसकट.

आत्यानं डोक्यावरून पदर घेतला. मामा दारात आले की घ्यायची, तसाच. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती कान देऊन पुढचं ऐकत होती. कडवं सुरू झालं, संपलं, पुढचं नाव आलं, गेलं. तिचं बोट मांडीवर ठेका धरून चाललं होतं. मग तिनं ते बोट टेपकडे केलं.

"ही ढोलकी ऐक. नाव पुकारत्यात तवा बी ती चालूच हाय की. थांबलीच न्हाई." आणि अगदी खरंखुरं विचारल्यासारखं ती म्हणाली, "मग गाणं कुठं तुटलं गं?"

मी हेडफोन लावून चारदा ऐकलेली कॅसेट होती ती. मी टेप मागे घेतली आणि पहिल्यांदा ती ढोलकी ऐकली; ढोलकीवाला कुठेच चुकत नव्हता.