किल्लीला बांधलेलं बूच

माझ्या थोरल्या भावाची बोट कर्वेनगरातल्या त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असे. दोन चाकांच्या ट्रेलरवर, निळ्या ताडपत्रीखाली, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखलेल्या जागेत. एकोणीस फूट लांबीची, फायबरची, मागे एक इंजिन आणि पुढे बुटकी केबिन. केबिनमध्ये दोन माणसं आडवी होऊ शकत. उभं कोणालाच राहता येत नसे. दादाने ती निवृत्त झाल्यावर कोकणातल्या एका माणसाकडून जुनी विकत घेतली होती. शहराच्या पश्चिमेला धरणाच्या फुगवट्यावर एका लहान क्लबला बोटी चालवायची परवानगी होती. दादा त्या क्लबचा सभासद होता. पावसाळ्याचे महिने बोट पार्किंगमध्ये असे, दसऱ्याच्या सुमाराला पाण्यात उतरे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना ती खुपत असे. "नदीला पूर आला की आमचा नंबर लावून ठेवा, साहेब," असं ते जाता-येता म्हणत.

"दोनच बर्थ आहेत," दादा उत्तर देई. "आपण पोहायला शिकून घ्या."

हे इथे लिहितो आहे ते बोटीच्या शेवटच्या वर्षाबद्दल. त्या उन्हाळ्यात दादाच्या विस्मरणाचं निदान झालं. सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. वेग सांगता येणार नाही, असंही म्हणाले. वहिनींना बोट तेव्हाच विकायची होती. पाणी, इंजिन, पेट्रोल आणि विसरणारा माणूस एकत्र नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. दादाने आम्हा दोघांना समोर बसवून स्वतःच अट घातली. हा मोसम तो बोट चालवणार. दर वेळी मी सोबत असणार. आणि पाण्यावर त्याच्या हातून एक चूक झाली की बोट जाणार.

"मग त्यावर वाद नाही," तो म्हणाला. "माझ्याशीही नाही."

त्या पावसाळ्यात दर रविवारी मी कर्वेनगरला जात होतो. वर्तमानपत्रातल्या नोकरीमुळे माझा संबंध कायम दुसऱ्यांनी केलेल्या कामाशी आला होता; स्वतः पान्हा धरायची वेळ कधी आली नव्हती. दादा सांगेल ते मी करत असे. बोटीच्या तळाला केसासारख्या चिरा होत्या. त्या आधी कोरून मोठ्या करायच्या, सुकवायच्या, राळ भरायची आणि ओल्या पॉलिश पेपरने घासून बोटाला कड लागेनाशी करायची. इंजिनाच्या पोटात पाणी खेचणारा रबराचा पंखा असतो. वर्षभरात त्याची पाती कडक होतात, म्हणून तो दर वर्षी बदलायचा. मग इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून चालू करायचं आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते का ते पाहायचं. धार आली की दादा तिच्याखाली हात धरून पाण्याची ऊब पाही आणि मान हलवी. त्या वेळी अख्ख्या इमारतीच्या खिडक्या बंद होत.

नवं सामानही त्याच वर्षी बसवलं. बॅटरीला बंद पेटी केली. तळात साचलेलं पाणी आपोआप उपसणारा पंप आला, आणि तो चालू झाला की सुकाणूजवळ पेटणारा लाल दिवा. लाइफ जॅकेटं गच्चीवरच्या टाकीत एकेक करून दाबून पाहिली. त्यातलं एक वर यायला आळस करत होतं. दादाने ते कात्रीने कापून टाकलं, म्हणजे कोणी चुकून वापरणार नाही. नांगराचा दोर बदलला. आग विझवायचं नळकांडं केबिनच्या आत होतं ते दाराबाहेर आणलं, कारण आग आत लागली तर आतलं नळकांडं कोण आणणार.

या सगळ्यात त्याचा हात एकदाही चुकला नाही. कोणता नट उलट्या आट्यांचा आहे हे त्याला बघावं लागत नसे. मात्र तासाभरात तो मला तीनदा चहा झाला का, म्हणून विचारी. मी तिन्ही वेळा झाला म्हणत असे.

आता त्या बुचाबद्दल. प्रत्येक लहान बोटीच्या मागच्या भिंतीत, अगदी तळाशी, एक भोक असतं. बोट जमिनीवर असताना ते उघडं ठेवायचं, म्हणजे आत पडलेलं पावसाचं पाणी वाहून जातं. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यात बूच फिरवून घट्ट बसवायचं. हे विसरणाऱ्यांचे किस्से क्लबमध्ये नेहमी चालत. दादाने त्यावर सोपा उपाय शोधला होता. त्याचं पितळी बूच इंजिनाच्या किल्लीला सुतळीने बांधलेलं असे. किल्ली हातात घेतली की बूच हातात येणारच. इतक्या वर्षांत ही पद्धत त्याने कधी मोडली नव्हती.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. वडील फिटर होते, त्यांच्या वेळेपासूनची ही रीत. पाटावर पान्हे, पक्कड, हातोडी, माझं एखादं पेन. झेंडूची फुलं, हळद-कुंकू. पुजलेल्या वस्तूला दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्या वर्षी नवमीला दुपारी मी गेलो तेव्हा दादा जेवणाच्या टेबलाशी बसून बूच चिंचेने घासत होता. सुतळी सोडलेली बाजूला पडली होती. "देवापुढे काळं पितळ बरं दिसत नाही," तो म्हणाला. बूच लख्ख झालं. त्याने ते पाटावर पान्ह्यांच्या रांगेत ठेवलं. किल्ली मात्र खुंटीला अडकवली, कारण सकाळी लागणार होती.

दसऱ्याला बोट पाण्यात उतरवायची, हे ठरलेलं होतं. वहिनी वर्षातून या एकाच दिवशी बोटीवर येत. जीपमागे ट्रेलर जोडून आम्ही तिघे निघालो. क्लबच्या बोटी सोडायच्या उतारावर दादाने बोट इतक्या अलगद सोडली की वहिनींच्या हातातली आपट्याची पानंही हलली नाहीत. इंजिन पहिल्याच प्रयत्नात चालू झालं. धरण काठोकाठ होतं. मधोमध पोचल्यावर दादाने वेग कमी केला, आम्ही एकमेकांना सोनं दिलं. नमस्कार, आशीर्वाद झाले. दादाने इंजिन बंद केलं आणि वहिनींनी डबा उघडला.

लाल दिवा मला दिसला. तो किती वेळ पेटलेला होता ते सांगता येत नाही. उन्हात फिका दिसत होता. पंपाची धार बाजूने पडत होती. मी दादाला दाखवलं. त्याने मागचं झाकण उचललं. बॅटरीची पेटी अर्धी पाण्यात होती.

तो पालथा झाला, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि तळ चाचपला. मग उठून बसला.

"बूच नाही," तो म्हणाला.

वहिनींनी डबा बंद केला. "अहो, म्हणजे काय आता?"

"म्हणजे दोघं पुढे केबिनमध्ये जाऊन बसा. जॅकेटं घाला. तुला पोहता येतं म्हणून तू सोडू नकोस, तूही घाल."

त्याच्या आवाजात फरक नव्हता. इंजिन चालू करून त्याने वेग पूर्ण वाढवला. बोट आधी मागून खचली आणि वहिनींनी माझं मनगट धरलं. मग नाक हळूहळू खाली आलं, बोट पाण्याच्या पाठीवर चढली आणि धावू लागली. दादा न वळता आम्हाला ओरडून सांगत होता की, या वेगात मागचं भोक उलटं काम करतं, पाणी आत येत नाही, ओढलं जाऊन बाहेर पडतं. थांबायचं तेवढं नाही. तो थांबला नाही. क्लबच्या धक्क्याकडे न जाता त्याने जवळचा गवताचा सपाट काठ निवडला आणि त्याच वेगात बोट त्याच्यावर घातली. बोट चिखलात अर्धी लांबी वर सरकून उभी राहिली. झाकण उघडून पाहिलं, तर तळात टाचा बुडतील एवढंच पाणी होतं.

आम्ही गवतावर उतरलो.  इंजिनाचा धातू थंड होताना टिकटिकत होता.

"किल्लीला बूच नव्हतं," दादा म्हणाला. "किल्लीवरून ते काढलं कोणी?"

"मी काढलं," वहिनी लगेच म्हणाल्या. "पूजेला हवं होतं म्हणून. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

वहिनींना बोट नको होती. पहिल्या दिवसापासून नको होती. त्यांनी हे वाक्य उच्चारलं आणि समोरच्या पाण्याकडे बघत राहिल्या.

दादा त्यांच्याकडे पाहत होता. त्यांचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती. खोटं ओळखायला त्याला आठवणीची गरज नसावी. त्याने माझ्याकडे तोंड वळवलं.

"काल तू आला होतास ना दुपारी?"

"आलो होतो."

"कोणी काढलं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोललो असतो तर बोट आणखी एक मोसम राहिली असती, आणि पुढच्या वेळी काठ कदाचित लांब असता. हा विचार मी नंतर केला. त्या क्षणी विचारलं गेलं होतं आणि मला उत्तर माहीत होतं.

"तू," मी म्हणालो. "चिंचेने घासत होतास. सुतळी टेबलावर होती."

"घासत होतो?"

"हो."

त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. पूर्ण वेगात बोट कशी रिकामी होते हे त्याला बोट घेतली तेव्हा कोणी तरी तोंडी सांगितलेलं होतं आणि ते त्याने आज वापरलं होतं. काल दुपार मात्र नव्हती. अंधूकही नव्हती, असं तो नंतर म्हणाला. तिथे काहीच नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बातमी कळली."

वहिनी रडल्या नाहीत. डबा पुन्हा उघडून त्यांनी श्रीखंड-पुरी वाढली आणि आम्ही तिथेच, चिखलातल्या बोटीच्या सावलीत बसून जेवलो.

बोट दिवाळीनंतर गेली. घेणारा खराडीच्या एका कंपनीत काम करणारा तरुण होता. दादाने तिला चिखलाने पडलेले ओरखडे भरले, पंप सोडवून धुतला, बॅटरीची तारजोडणी पुन्हा केली. मग त्या तरुणाला तीन रविवार धरणावर नेलं; वहिनी आणि मी सोबत जात होतो.

"काका, बोट तर एकदम मस्त कंडिशनमध्ये आहे," तो शेवटच्या दिवशी म्हणाला. "मग सेल का करताय? काही हिडन प्रॉब्लेम नाही ना?"

"बोटीत नाही," दादा म्हणाला.

तरुण हसला आणि मग, दादा हसत नाही हे पाहून, थांबला.

"हे बघा, इंजिनाबद्दल मी जे सांगितलं ते डोळे मिटून ऐका. त्यात चूक निघणार नाही. पण आज सकाळी मी काय केलं, काय बसवलं, ते मला विचारू नका. ते हिला विचारा."

तरुणाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी त्याला एकेक करून सांगितलं: बूच बसवलं आहे, दोनदा फिरवून पाहिलं आहे, पेट्रोलचा नळ उघडा आहे, जॅकेटं डाव्या बाकाखाली आहेत. त्यांना बोटीबद्दल इतकं बोलताना मी प्रथमच ऐकलं.

तो एकटाच निघाला. आम्ही उतारावर उभे राहिलो. बोट वळण घेऊन दूर जाईपर्यंत दादा मान किंचित तिरकी करून आवाज ऐकत होता.

"पेट्रोल जरा जास्त जातंय," तो म्हणाला. "परत आला की त्याचा स्क्रू अर्धा आटा कमी करायला सांगू."

तरुण परत आला, तेव्हा वहिनींनीच त्याला ते सांगितलं. दादाने किल्ली दिली, हात मिळवला, ट्रेलरच्या हवेबद्दल दोन सूचना केल्या. त्याची गाडी बोट घेऊन फाटकाबाहेर गेली आणि उतारावर आम्ही तिघेच उरलो.

दादाने आजूबाजूला पाहिलं. क्लबच्या आवारात चार-पाच गाड्या उभ्या होत्या.

"आपण आलो कशाने?" त्याने विचारलं.

वहिनींनी पदर खोचला. त्या जीपच्या दिशेने चालू लागल्या, त्याला मागून येता येईल इतक्या सावकाश.