मामांचे सरकते खांब

मुलुंडमध्ये त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पोराचे पाय आधी सुईणीने पाहिले आणि मग हिच्या मामांनी, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. ही म्हणजे माझी बायको, आणि तिचे हे मामा म्हणजे फुटबॉलने पार झपाटलेला माणूस. बारशाला बायका नाक कुणाचं आणि रंग कुणाचा यावर वाद घालत असायच्या, तेव्हा मामा पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दुपटं वर करायचे, तळपाय अंगठ्याने दाबून बघायचे आणि "डावा पाय जड आहे हो पोरीचा, सांभाळा!" एवढं सांगून घुगऱ्यांकडे वळायचे. एका आजीने पोरगी पांगळी निपजली असं समजून हंबरडाच फोडला होता. तिची समजूत घालायला आम्हाला अर्धा तास लागला. मामांनी तोवर घुगऱ्यांची दुसरी वाटी संपवली होती.

फोर्टातल्या एका कचेरीत नकाशे काढायची नोकरी, अंगावर धोतर आणि वर कोट, गळ्यात शिट्टी, आणि हातात कापडी पिशवी. या पिशवीत मेथीची जुडी आणि फुटबॉल गुण्यागोविंदाने नांदायचे. मेथीला चामड्याचा वास येतो म्हणून ही कुरकुरायची, तर मामा म्हणायचे, "अगं, बॉलला मेथीचा येतो, तो बिचारा बोलतो का काही?" लग्नाच्या भानगडीत ते पडले नव्हते. पण दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीमागच्या मोकळ्या जागेत चार ते सात वर्षांची पंधरा-वीस पोरं त्यांच्याभोवती जमायची. क्रिकेटवर त्यांचा राग होता. "एवढ्याशा पोराच्या हातात बॅट द्यायची, म्हणजे एक खेळणार आणि बाकीची उन्हात तोंडं बघत उभी राहणार. याला काय खेळ म्हणतात?" बरं, फुटबॉल शिकवायचा, तर पहिले चार रविवार बॉल पिशवीतच असायचा. पोरांना नुसती लंगडी घालायला लावायचे. का, तर लंगडी घालणाऱ्याचा एक पाय मोकळा असतो, तो आपणहून काहीतरी लाथाडायला बघतो. पाचव्या रविवारी त्या मोकळ्या पायापुढे बॉल सोडला की झालं, शिकवायचं काय त्यात! हे तर्कशास्त्र मला कधी पटलं नाही, पण पोरं शिकायची, हेही खरं.

मात्र मामांची एक अट होती. पोराबरोबर आई किंवा बाप आलाच पाहिजे, आणि त्याने बाजूला उभं राहून पेपर वाचायचा नाही. त्याने गोलचा खांब व्हायचं. हो, खांब! आठवडाभर साहेबापुढे उभे राहिलेले आमचे सगळे हेडक्लार्क आणि मास्तर रविवारी पायजम्यात तिथे जोडीजोडीने उभे असायचे, एका जोडीचा एक गोल, आणि ज्याच्या पोराच्या पायात बॉल येईल त्या खांबाने बॉलकडे सरकायचं, असा नियम. चार हातांचा गोल बघता बघता चौदा हातांचा व्हायचा. पोराने बॉल कुठेही मारावा, बाप धावत जाऊन त्याच्या पलीकडे उभा! एकदा मास्तरांच्या पोरीने बॉल थेट उलट दिशेला मारला, तर मास्तर अख्खं मैदान ओलांडून गेले आणि मामांनी शिट्टी फुंकून गोल दिला.

आता मी पडलो वजनमापं खात्यातला इन्स्पेक्टर. दुकानदाराचा काटा गुंजभर कलला तरी त्याच्यावर खटला भरणारा माणूस. मी सरकणार? बॉल पिशवीबाहेर आला त्या पहिल्याच रविवारी मी माझी जागा टाचेने आखून घेतली आणि तिथे ताठ उभा राहिलो. दुसऱ्या टोकाला आमचे शेजारी राणे. ते मालवणचे, अंगाने स्थूल, पण पोराचा बॉल आला की असे सुळकन सरकायचे की बघत राहावं. माझा सुध्या तेव्हा पाच वर्षांचा. तो बॉल मारायचा, बॉल माझ्यापासून दोन हातांवरून बाहेर जायचा, मग तो माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवून "नाही" म्हणायचो. असे सहा रविवार गेले. सगळ्या पोरांचे गोल झाले, आमचं खातं कोरं.

सातव्या रविवारी सुध्या खाटेखाली जाऊन बसला. काही केल्या बाहेर येईना. शेवटी त्याच्या आईने जमिनीवर आडवं पडून विचारलं, तेव्हा आतून आवाज आला, "मला नाही यायचं. बाबांचा गोल लहान असतो. राणेकाकांचा मोठा असतो."

ही पदर झटकत उठली. तेवढ्यात मामा दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता भाषण होणार, पण ते हळूच म्हणाले, "जावईबापू, आज एकदा आणा त्याला. आजही गोल झाला नाही, तर मी पुन्हा बोलवायचा नाही. पोराच्या मनातून एकदा उतरलं ना, की मग पोर नाही येत हो परत." ते बॉलबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल, कोण जाणे. सुध्या माझं बोट न धरता आईच्या पदराला धरून मैदानावर आला, ते मात्र मला चांगलंच लागलं.

खेळ सुरू झाला. बराच वेळ सुध्या बॉलच्या वाटेलाच जाईना. मग पोरांच्या घोळक्यातून बॉल घरंगळत त्याच्या पुढ्यात आला, त्याने डोळे मिटून लाथ मारली, आणि बॉल निघाला माझ्यापासून चांगला आठ हात लांब. सुध्याने माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मी धावलो! देवाशपथ सांगतो, विचारबिचार काही केला नाही. पायजमा आवरत धावलो, एका शेणाच्या पोवर पाय पडला, आणि आडवा झालो तो नेमका बॉलवर.

"गोल!" मामांची शिट्टी वाजली.

राणे खवळले. "ह्यो कसलो गोल? खांब आडवो पडलो हा!"

"आडवा पडला म्हणजे तो वरचा दांडा झाला," मामा म्हणाले. "बॉल दांड्याखाली आहे ना? मग गोलच की!"

सुध्याला गोलाचं काहीच नव्हतं. "बाबा हलले! बाबा हलले!" ओरडत त्याने मैदानाला फेरी मारली आणि येऊन माझ्या पाठीवर उडी घेतली. एवढ्या मोकळेपणाने तो माझ्या अंगावर कधी पडला नव्हता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच कोपराचं शेण पुसत बसलो.

आनंदाच्या भरात पोरांना काय सुचेल नेम नाही. सुध्या तसाच मामांपुढे जाऊन उभा राहिला. "मामाआजोबा, माझा खांब बाबा. तुम्ही कुणाचे खांब?"

"मी? मी शिट्टी रे," असं काहीतरी पुटपुटत मामा शिट्टी धोतराला पुसायला लागले.

"माझा खांब आहे तो," ही म्हणाली.

ही तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले. मामांनी विधवा बहिणीला आणि भाचीला आपल्या दोन खोल्यांत आणलं, आणि त्यात त्यांचं लग्नाचं राहूनच गेलं. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. हिने पदर खोचला, चपला काढल्या आणि बॉल पुढ्यात ठेवला. "मामा, उभा राहा तिकडे."

"अगं, वेड लागलंय का? लोक बघतायत."

"बघू देत."

तिने मारलेला बॉल गेला भलतीकडेच, ओढ्याच्या उताराकडे. आणि साठीला टेकलेले आमचे मामा दोन्ही हात पसरून, धोतराची पर्वा न करता, "आलो गं, आलो!" ओरडत त्याच्यामागे धावत सुटले. ही हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. उतारावरून बॉल दिसेनासा झाला, पाठोपाठ मामाही दिसेनासे झाले. ते बॉलच्या पुढे पोचले की नाही, ते वरून आम्हाला कुणालाच दिसलं नाही. मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ही मात्र अजून सांगते की गोल झाला होता.