सहा मोठ्या की पंधरा लहान

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली. अक्षरही ओळीवर बसत नाही, त्यातून ही मुलीची उरलेली जर्मन वही, तिच्या चौकटींत काना-मात्रा मावत नाहीत. चूकभूल सांभाळून घ्या.

बाई आधी हात बघायच्या, मग तोंड. माणूस समोर आला की नजर सरळ त्याच्या हातांवर. हात रिकामे दिसले तर वर बघून "मॉर्गन" म्हणायच्या, म्हणजे जर्मनमध्ये सुप्रभात. हातात काही असलं तर ते काय आहे हे कळेपर्यंत मॉर्गनसुद्धा नाही. माझ्या हातात तर कायम बादली, त्यामुळे पहिले तीन महिने मला मॉर्गन मिळालाच नाही.

जर्मनीत लुडविग्सहाफेनला माझे यजमान एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी आहेत. मी एका सुपरमार्केटमध्ये साफसफाईला जाते, एका सफाई कंपनीकडून. बाई त्या दुकानाची रोकड न्यायला यायच्या. बाहेर जाड पत्र्याची गाडी, आत कुलूप लावून बसलेला ड्रायव्हर, आणि चालत आत येणाऱ्या बाई. वय साठीला टेकलेलं, आखूड पांढरे केस, कमरेला रिव्हॉल्वर. कधी बुधवारी नऊला, कधी शुक्रवारी दोनला. आज येणार हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल.

तुम्ही अशी माणसं बघितली असतील. त्यांच्याशी बोलताना आपण काहीच केलेलं नसतं, तरी आपल्याला चोरट्यासारखं वाटतं.

एकदा मी थर्मासमधला चहा पुढे केला. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"कामावर मी कुणाच्या हातचं काही घेत नाही."

"विष नाही त्यात, आलं आहे."

"ते तुम्ही म्हणता."

मला राग आला होता. मग कळलं, त्या आपल्या ड्रायव्हरच्या हातचंही घेत नाहीत.

गाडी आली की मागची बोळवजा वाट बंद व्हायची. मॅनेजर थैली तयार करेपर्यंत बाई वाटेच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, आणि मी बादली घेऊन कोपऱ्यात अडकायची. तिथेच आमची थोडीफार ओळख झाली. मी लाजरी, माझं जर्मन मोडकं. त्या दाराकडे डोळे लावूनच बोलायच्या, त्यामुळे मला बरं वाटायचं. कुणी तोंडाकडे बघत नसलं की मला शब्द सुचतात.

हिवाळ्यात त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टी दिसली. मी हळदीचा लेप सुचवला. तो अर्थातच नको. पण कारण त्यांनी सांगितलं. "रिव्हॉल्वर. मोठी गोळी, मोठा धक्का. दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आता मनगट ऐकत नाही."

त्यांच्या रोकड नेणाऱ्या कंपनीने त्यांना निवड करायला सांगितली होती. एक तर हे जुनं रिव्हॉल्वर, त्यात सहाच गोळ्या, पण मोठ्या. नाहीतर नवं पिस्तूल, त्यात पंधरा, पण लहान. तरुण सहकारी हसायचे म्हणे. सहा गोळ्यांत काय होतं, आजी?

"मग पंधरावालं घ्या की," मी म्हटलं. पंधरा म्हणजे जास्त, एवढा हिशोब मलाही येतो.

बाईंनी पहिल्यांदा मान वळवली. दुकानात समोर एक लहान मूल सामानाच्या ढकलगाडीत बसून केळं खात होतं. त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "चुकलेली गोळी कुठेतरी जातेच, फ्राऊ पवार. पंधरा असल्या की माणूस निष्काळजी होतो. सहा असल्या की तो मोजतो."

"किती उडवल्यात आजपर्यंत?"

"माणसावर? एकही नाही. बावीस वर्षांत."

आता माझी चूक सांगते. वाट बंद असताना मला दहा मिनिटं काम नसायचं. पूर्ण दिवसात तेवढीच मोकळीक. त्यामुळे गाडी आली की मी साताऱ्याकडे आईला फोन लावायची. ही बंदूकवाल्या बाईंची गोष्ट आईला फार आवडली होती. "गं, काय घेतलं तिनं शेवटी?" एवढंच विचारायची. मग मी सहा आणि पंधरा, रिव्हॉल्वर आणि पिस्तूल, सगळं परत सांगायची.

आता हे बाईंच्या जागी उभं राहून बघा. गाडी कधी येणार हे कुणाला माहीत नाही. ती आली की सफाईवाली दर वेळी फोन काढते. न कळणाऱ्या भाषेत बोलते. आणि त्या बोलण्यात रिव्हॉल्वर, पिस्तूल हे शब्द नीट ऐकू येतात.

बाईंनी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सफाई कंपनीचा फोन आला, चौकशी होईपर्यंत घरी बसा. पगार नाही. मी गाडीची खबर बाहेर देते असा संशय होता. यजमान म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं बंदुकीच्या गप्पा मारायला?" नोकरी गेली तर पुढे कुणी कामाला ठेवणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. मला मात्र जास्त लागलं ते वेगळंच. बाईंनी आधी मला का नाही विचारलं? मी तीन आठवडे मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले, तेही चांगल्या जर्मनमध्ये.

मग बोलावणं आलं. मॅनेजरची खोली, सफाई कंपनीची एक बाई, आणि आमच्या बाई. दुभाषी म्हणून मी मुलीला नेलं, सोळा वर्षांची आहे. बाई म्हणाल्या, "ज्यांना फोन करता त्यांना आत्ता लावा. आवाज मोठा ठेवा."

तिकडे दिवेलागण झाली होती. आईने उचलला आणि मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाली, "आली का गं ती बंदूकवाली?"

मुलगी पांढरी पडली. जर्मनमध्ये म्हणाली, "आजी विचारते, तब्येत कशी आहे."

बाईंनी मुलीच्या हातांकडे बघितलं. तिने ते टेबलाखाली घेतले.

आता खोटं शिरलं तर ते कायमचं बसेल, हे मला कळलं. मी मुलीला म्हटलं, "नाही. खरं सांग. आजी बंदूकवाली म्हणाली." आणि माझ्याच मोडक्या जर्मनमध्ये बाईंना सांगितलं, "ती विचारते, तुम्ही आलात का. ती नेहमी हेच विचारते. तिला जाणून घ्यायचं आहे, सहा की पंधरा."

बाई मुलीला म्हणाल्या, "विचारा आजीला, तिला काय वाटतं."

आईला काय, विचारायचीच खोटी. "त्यात काय एवढं? ज्वारी राखताना गोफणीत काय घालायचं ते कोण आलंय त्यावर. पाखरांना मूठभर खडे, डुकराला एकच धोंडा. पण आधी आरोळी ठोकायची. निम्मी तर आरोळीनंच पळत्यात."

मुलीने सगळं सांगितलं. बाई पुढे वाकल्या. "आणि चुकलेला दगड?"

"चुकलेला? शेजारच्या बापूच्या कौलावर! सात वर्षं झाली, अजून बोलत नाही तो माझ्याशी."

बाई हसल्या. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. मग म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि सफाई कंपनीच्या बाईकडे वळल्या. "संशय माझा होता. तो चुकला. माझ्याकडून लिहून घ्या. आणि यांचे तीन आठवड्यांचे पैसे द्या."

माझी माफी त्यांनी मागितली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी पण मी तक्रार करीन. ते माझं काम आहे." मी म्हटलं, "पुढच्या वेळी आधी मला विचारा." त्यांनी विचार केला. "दोन्ही करीन."

वसंतात त्यांच्या कमरेला नवं पिस्तूल दिसलं. मी काही विचारलं नाही, त्याच म्हणाल्या, "हातात धरता येत नसेल तर मोठी गोळी काय कामाची? लहान गोळीने नेम बसतो." थोड्या वेळाने दाराकडे बघत, "पंधरा आहेत. पण मी सहा मोजून थांबणार."

पैशांचं मात्र सफाई कंपनी टाळत होती. दर फेरीला बाई विचारायच्या, "आले का?"

"अर्धे आले."

"अर्धे म्हणजे नाही आले. पुन्हा लिहा." पत्राचा मसुदा त्यांनीच एका पावतीच्या पाठीमागे लिहून दिला. तो कागद माझ्या हातात द्यायचं टाळून भिंतीजवळच्या फळीवर ठेवला. सवय.

जूनमध्ये बाई आल्याच नाहीत. मॅनेजर म्हणाले, मनगटाचं ऑपरेशन आहे, त्यानंतर थेट निवृत्ती. पत्ता कुणाकडे नव्हता. त्यांनी तो कुणाला दिलाच नसणार.

उरलेले पैसे पुढच्या महिन्यात खात्यात जमा झाले. एक सेंटही कमी नाही. त्या दिवशी गाडी आली, तिच्यातून एक तरुण पोरगेला माणूस उतरला. मी लाजरी, पण तोंडातून निघूनच गेलं, "पैसे आले. पूर्ण आले."

तो जागीच थांबला. हात कमरेकडे गेला. "कुठले पैसे?"

"माझे," मी म्हटलं. "सगळे."