फूलचंदने आणलेली चाकं

रिसोडच्या धान्यबाजारातले जिनदास सैतवाळ यांचा एकुलता मुलगा फूलचंद चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात काविळीने गेला. सव्वीस वर्षांचा होता. मरणाच्या पंधरा दिवस आधी त्याने अकोल्याच्या भंगारबाजारातून घरच्या जीपसाठी दोन रुंद चाकं आणली होती, टायरांसकट. पुढं लावली की चिखलात जीप फसणार नाही, असं तो म्हणायचा. चाकं गोदामातच राहिली.

जिनदास रडले नाहीत. तेराव्या दिवशी दुकान उघडलं. ज्वारी मूठभर घेऊन दाणा पाहायचे, भाव सांगायचे. लोक भेटायला आले की पाणी द्यायला सांगायचे. आत काही हलत नव्हतं.

महिन्याभराने त्यांनी मिस्त्री बाबूसिंगकडून ती चाकं जीपला बसवून घेतली आणि पत्नी पानाबाईंना घेऊन केनवडला नात्यातल्या घरी निघाले. पहिल्याच वळणावर खालून खर्रकन आवाज आला. पानाबाईंनी विचारलं, तेव्हा टायर घासत असल्याचं जिनदासांनी सांगितलं. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. केनवडला जाणं राहिलं. पानाबाईंना घरी सोडून ते गॅरेजवर आले.

बाबूसिंगने वाकून पाहिलं. चाक पूर्ण वळलं की टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्यांना लागत होतं, आणि खड्ड्यात वर उचललं की मडगार्डच्या काठाला.

"शेठजी, जुने चाकं लावून देतो. कायले हे झंझट?"

"फूलचंदनं आनले हायत," जिनदास म्हणाले. "हेच राहू दे."

बाबूसिंगने पाट्यांना आणि मडगार्डच्या काठाला खडू फासला आणि एक चाक दगडावर चढवलं. जिनदास स्टिअरिंगवर बसून तो म्हणेल तसं डावीकडे, उजवीकडे फिरवत राहिले. टायरवर पांढरे ओरखडे उमटले. त्या जागा पाहून बाबूसिंगने मडगार्डचा काठ हातोडीने वर वाकवला. मग चाकाच्या वळण्याला अटकाव करणारे बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे बाहेर काढले आणि नट आवळले. चाक आता पाट्यांपर्यंत पोचत नव्हतं.

"पन आता जीप कमी वळन. गल्लीत मागं-पुढं करा लागन."

जिनदासांनी मान हलवली.

त्यांनी जीप खड्ड्यांतून फिरवून आणली. आवाज गेला होता. तो गेला की बरं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. घरी पानाबाई मूग निवडत होत्या.

"आवाज गेला काय?"

"गेला."

त्या मुगातले खडे काढत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो असता तर त्यानंच केलं असतं."

जिनदास हो म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

पुढची तीन वर्षं ते त्याच जीपने बाजार करत राहिले. गल्लीच्या तोंडाशी एकदा मागं घ्यायची, मग वळायची. मागचे बैलगाडीवाले थांबून राहायचे. मग टायर झिजून गुळगुळीत झाले. बाबूसिंगने विचारलं, असेच रुंद कुठून मागवू का?

जिनदासांनी जरा वेळ त्या टायरांकडे पाहिलं.

"जे भेटन ते लाव," ते म्हणाले, आणि माल उतरत होता म्हणून दुकानाकडे चालत गेले.