सात सुताचं सिलिंडर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्याच्या काट्याखाली मी वाकून बघतो आणि प्रसादाचा पेढाही वास घेतल्याशिवाय तोंडात टाकत नाही. जळगावात मुलांना लेथ मशीन शिकवण्यात सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे माप घेतल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. देवाच्या बाबतीतही तेच. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी सप्तशृंगीच्या गडाचा नवस केला होता, असं बायकोनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "टाके डॉक्टरनं घातले आणि मान देवीला?" तिनं कॅलेंडर काढून एका तारखेवर खूण केली. तिनं खूण केलेली तारीख मोडायला मात्र मी भितो.

गडावर जायचं ते आमच्या जुन्या जीपनंच, हा माझा हट्ट. परक्या ड्रायव्हरवर भरवसा कोण ठेवणार? घाटात जुने ड्रम ब्रेक तापून दगा देतील म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले. राहिलं मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा जोर तेलातून चाकांपर्यंत पोचवणारा भाग. तो किती जाडीचा घ्यावा यासाठी आठवडाभर कागद काळे केले. नव्या ब्रेकला तेल जास्त लागणार, म्हणून आठ सुताचं, म्हणजे पूर्ण एक इंचाचं सिलिंडर घेतलं. पेडल दगडासारखं घट्ट झालं. मला घट्ट गोष्टी आवडतात, मी खूश झालो.

गडावर जाताना आधी देवपूरच्या एकवीरेला सांगून जायचं, ही हिच्या माहेरची रीत. म्हणून धुळ्यात थांबलो. मी दर्शनाच्या रांगेत होतो आणि बायको जीप सावलीत लावायला गेली. तिला गाडी चांगली येते. मीच शिकवली आहे, तरी शेजारी बसून सूचना देतोच. त्या दिवशी मी शेजारी नव्हतो. तिनं ब्रेक दाबला, पण जीप हळूहळू पुढे जातच राहिली आणि एका फुलांच्या हातगाडीला टेकून थांबली. चार हार खाली पडले, एवढंच.

मी धावत आलो तर एक म्हातारा मिस्त्री जीपमध्ये वाकून हातानं पेडल दाबून बघत होता. समोरच त्याचं गॅरेज. लोक त्याला नाना म्हणत होते.

"भाऊ, गाडी कोन चलावस?" त्यानं विचारलं.

"मीच."

"आनी आज ब्रेक कोनी दाबा?" मी बायकोकडे बोट दाखवलं. "अक्काना पाय काय तुम्हना पाय शे का? अक्काले हाई मोठं पडस. सात सूतनं टाका."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. देवळासमोर दुकान, बाहेरगावची गाडी, आणि सात सुताचं सिलिंडर नेमकं याच्याकडे तयार! क्षणभर तर ती फुलांची हातगाडीही याचीच असावी असं वाटलं. मी खिशातल्या कागदावर हिशेब मांडला. आठाचा वर्ग चौसष्ट, साताचा एकोणपन्नास. तेवढ्याच जोरात तेलावरचा दाब जवळजवळ एक तृतीयांश वाढणार. पेडल थोडं खोल जाईल, पण पत्र्याला टेकणार नाही. म्हातारा बरोबर होता. जळगावचं माझं गणितही चुकलं नव्हतं. मी फक्त जोराच्या जागी माझा पाय धरला होता. त्या पेडलवर दुसऱ्या कुणाचा पाय पडेल हे आठवडाभरात एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो. नव्या सिलिंडरचं माप मी स्वतः घेतलं, आतली रबरं उजेडात धरून पाहिली आणि जुनं सिलिंडर मोजून-मापून परत मागून घेतलं.

ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढताना कुणीतरी पेडल दाबत राहावं लागतं. मी चढायला गेलो तर नानांनी हात आडवा केला. "तुम्ही नही भाऊ. अक्काले बसू द्या." मग ते चाकाशी बसून सांगत राहिले, "दाबा अक्का... धरा... आते सोडा." शेवटी विचारलं तेही तिलाच, "बरं वाटस का?" तिनं मान हलवली. मला ते पेडल लोण्यासारखं मऊ लागलं. पुढच्या सगळ्या वाटेवर, म्हाताऱ्यानं आपल्याला बनवलं, हेच मी ऐकवत होतो.

गडावर दर्शन झालं. हात जोडले, मनात काही आलं नाही. उपाशीपोटी पायऱ्या चढलो होतो. घाट उतरताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि घाम फुटला. कशीबशी जीप डोंगराच्या कडेला घेतली. कुणी येईपर्यंत थांबू, मी म्हणालो.

"थांबायचं नाही. अहो, सरका इकडे," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर बसली.

दुसऱ्याच वळणावर वर येणारी बस अख्खा रस्ता व्यापून समोर आली. मी जीव खाऊन पाय दाबला. माझ्या पायाखाली नुसता पत्रा होता. जीप थांबली ती तिच्या पायानं, बसपासून हातभर अंतरावर. तिच्या पायात साधी चप्पल होती. तिनं जीप थोडी मागे घेतली, बस जाऊ दिली आणि मला म्हणाली, "पाणी प्या."

खाली डॉक्टरांनी तपासलं. उपासानं रक्तदाब उतरला होता, बाकी काही नव्हतं. परतताना मी देवपूरला नानांकडे गेलो. आभार मानायचे होते, आणि खरं सांगायचं तर आम्हालाच का अडवलं याचा छडाही लावायचा होता. त्यांना आम्ही आधी आठवलोच नाही. मग म्हणाले, "मी बठ्ठासले तेच इचारस, भाऊ. गाडी कोन चलावस?"

म्हणजे चमत्कार वगैरे काही नाही, असं मी हिला सांगणार होतो. पण पाय आधी देवळाकडे वळले. तो म्हातारा जे प्रत्येकाला विचारतो, ते मी जन्मभरात स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारायला मला देवळाच्या दारात कुणी थांबवलं, हे मी आता मोजत नाही. एकवीरेच्या पायरीवर डोकं टेकवलं तेव्हा रडू आलं.

धुळ्याहून जळगावपर्यंत बायकोच गाडी चालवत होती. समोर ट्रक आला की माझा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जायचा. पारोळ्याच्या पुढे तिनं रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "अहो, तिथं ब्रेक नाही."

मी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसलो.