सड्यावर उभी राहिलेली जनावरं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे... पण माझ्या बाबतीत त्याला कारण आहे. आमचं घर बौद्ध. वडील कसबा बावड्यात शाळामास्तर होते आणि घरात अंगारा, उतारा, देवऋषी हे शब्दसुद्धा चालायचे नाहीत. लहानपणी मला कावीळ झाली, तेव्हा शेजारच्या काकू गळ्यात घालायला माळ घेऊन आल्या होत्या. वडिलांनी त्यांना चहा पाजला, माळ परत दिली आणि मला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. मी त्या घरात वाढलो. तरी हे लिहितोय, कारण हे मी भर सकाळी, लख्ख उन्हात, गावभर माणसांच्या सोबतीनं पाहिलं आहे.

गोष्ट २००२ च्या हिवाळ्यातली. तेव्हा मी सिनेमाच्या प्रॉडक्शनची कामं करायचो — म्हणजे लोकेशन बघा, जेवण सांगा, गाड्या आणा, पोलीस पाटलाची परवानगी घ्या. कोल्हापुरात अशी कामं करणारे गल्लोगल्ली होते. आमचा डायरेक्टर सुधीर, माझ्याच वयाचा, डोक्यानं हुशार पण हट्टी. पैसे घालणारे कबनूरचे एक यंत्रमागवाले, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो.

सिनेमा असा होता की निसर्ग माणसाविरुद्ध उठतो. एका गावात आधी विहिरी आटतात, मग झाडं फळ धरायची थांबतात, मग जनावरं गाव सोडून जातात आणि मग खरा संहार सुरू होतो. शेवट सुधीर रोज बदलायचा. एकदा जगात एकच मूल उरायचं, एकदा तेही नाही. शेठ वैतागायचे. "अवो सुधीरराव, समदीच मेली तर थेटरातनं लोकं हसत भायेर कशी पडणार? एखादं गाणं तरी बसवा की!"

गाव मीच सुचवलं. आजऱ्याच्या पुढे, घाटाच्या अंगाला. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. माझ्या आईची सख्खी बहीण, काशीमावशी, तिथं दिलेली. तिचे यजमान दौलूकाका. भाताची थोडी जमीन, काजूची झाडं, दावणीला एक म्हैस आणि बैलजोडी. मूलबाळ नव्हतं. त्या बैलांतला एक, हौश्या, काकांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला — त्याची आई तो जन्मला आणि गेली होती. काका अंगणात बसून बिडी ओढायला लागले की हौश्या मान लांब करून त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवायचा. हे मी स्वतः कितीदा पाहिलंय.

त्या सकाळी शॉट होता जनावरं गाव सोडून जातात तो. गावाच्या वरच्या बाजूला भात कापून झालेलं मोकळं शेत होतं. तिथं गावातली गुरं, शेळ्या गोळा केल्या. मालकांनी बांधाआड लपून त्यांना हाकलायचं आणि पलीकडच्या फणसाखाली वैरण घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी त्यांना थांबवायचं, इतकं साधं. कॅमेरा एका घराच्या माळ्यावर लावलेला. खाली नुसता कालवा. म्हशी ओरडताहेत, शेळ्या बें-बें करताहेत, काका हौश्याच्या पाठीवर थाप मारत मला म्हणतायत, "राजू, ह्येला हिरो म्हनून घ्या की सिनेमात. तुमच्या हिरोपरीस दिसायला बरा हाय!"

सुधीरनं भोंगा तोंडाला लावला. आणि त्याच्या तोंडून काही निघायच्या आत सगळा आवाज थांबला.

कसं सांगू... पंखा बंद केल्यावर खोलीत कसं वाटतं, तसं. एकही जनावर ओरडेना. मग ती सगळी चालायला लागली. पळाली नाहीत, बुजली नाहीत. चालली. सुधीरला वाटलं मालकांनी लवकर सोडली, मालकांना वाटलं आम्ही खूण केली. कॅमेरामननं सवयीनं कॅमेरा सुरू केला होता. सुधीर आनंदानं पुटपुटत होता, "चालू दे, चालू दे, काय येतंय बघ!"

जनावरं फणसापाशी पोचली आणि वैरणीवरून तशीच पुढं गेली. हुंगलंसुद्धा नाही. पोरं आडवी आली तर त्यांना वळसा घालून गेली. सुधीर कट, कट ओरडला. मालक हाका मारत मागं धावले, काही हसतही होते. तेवढ्यात माझं लक्ष मागं गावाकडं गेलं आणि माझं हसू मावळलं.

गावातून बाकीची जनावरं येत होती. आम्ही न घेतलेली. कोंबड्या, मांजरं, कुत्री. एक म्हैस खुंटा उपटून, दाव्यासकट तो ओढत येत होती. एक गाय नुकतीच व्यालेली, तिचं वासरू मागं धडपडत येत होतं, पडत होतं, आणि ती वळून बघत नव्हती. कुत्र्याच्या बाजूनं कोंबड्या चालल्या होत्या. आवाज फक्त गळ्यातल्या घंटांचा आणि खुरांचा.

काजूच्या बागांमधून चढ चढून सगळी सड्यावर गेली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माळ. तिथं झाड नाही, हिवाळ्यात धड गवतही नाही. जनावर आपणहून तिकडं कशाला जाईल? आम्ही धापा टाकत वर पोचलो, तर ती मधोमध थांबलेली आणि आमच्याकडं तोंड करून उभी.

सगळी. बैल, म्हशी, शेळ्या, कुत्री. त्यांच्या मध्ये कावळे खाली दगडावर बसलेले, तेही आमच्याकडंच बघत. शेपूट हलत नव्हतं की कान हलत नव्हता. आम्ही माणसं जागच्या जागी थांबलो. कुणी कुणाला थांबा म्हटलं नव्हतं. कुणीतरी मागून बारीक आवाजात म्हणालं, "ही आपली न्हाईत." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

मग दौलूकाका पुढं निघाले. गावकऱ्यांबरोबर वर आलेल्या मावशीनं त्यांचा हात धरला.

"जाऊ नगा."

"अगं, माझा हौश्या हाय त्यो."

"असू दे. आत्ता नगा जाऊ."

"बाटलीनं दूध पाजलंय म्या त्येला, काशे. सोड." त्यांनी हलकेच हात सोडवून घेतला.

ते त्याच्याशी बोलत बोलत गेले. काय रं, काय झालं रं लेकरा, घरला चल. हौश्यानं त्यांना जवळ येऊ दिलं. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, तोही ठेवू दिला. त्यांनी कासरा हातात घेतला, आमच्याकडं बघून हसले आणि घराकडं तोंड करून वळले.

हौश्यानं एकदाच मान खाली घातली आणि वर केली. बस्स. फुरफुरला नाही, खूर आपटले नाहीत. शिंग पाठीतून आत गेलं. काका खाली पडले आणि हौश्या पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला, आमच्याकडं बघत.

ज्यांनी गुरं पाळली आहेत त्यांना ठाऊक असेल, रक्ताचा वास आला की गुरं हंबरडा फोडतात, जमीन उकरतात. इथं काकांचं रक्त जांभ्यावरून वाहत होतं, काका ओरडत होते आणि त्या सगळ्या कळपातलं एक जनावर हललं नाही.

मी आणि कॅमेरामन जवळजवळ रांगत पुढं गेलो. हौश्याचे पाय माझ्या तोंडासमोर होते. त्यानं आम्हाला काही केलं नाही. आम्ही काकांना ओढून घेतलं, शर्ट काढून जखमेवर दाबले, कुणीतरी गावातून पळत आणलेल्या चादरीची झोळी करून खाली आणलं आणि युनिटच्या गाडीत घातलं. मावशीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आजऱ्याच्या वाटेवर ते एकदा शुद्धीवर आले.

"गोठ्याचं दार उघडं ऱ्हाऊंदे," ते म्हणाले. "सांजंला येतील ती."

"व्हय, येतील. तुम्ही बोलू नगा."

त्यानंतर ते बोलले नाहीत. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि ती आली. दिवस मावळायच्या आधी. मी तेव्हा आजऱ्यात होतो, पण सुधीर गावात होता, त्यानं सांगितलं. सड्यावरून एकदम हंबरण्याचा आवाज आला, कुत्री भुंकायला लागली आणि सगळी उतरून आपापल्या दारात गेली, रोज चरून येतात तशी. ती गाय वासराला चाटत होती. हौश्या आपल्या जागेवर येऊन उभा राहिला आणि पाण्यासाठी ओरडायला लागला. शिंगावर रक्त वाळलेलं. त्याला बांधायला कुणी पुढं झालं नाही.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. जनावरांचे डॉक्टर येऊन तपासून गेले, रोग नाही म्हणाले. फॉरेस्टचे लोक म्हणाले बिबट्याचा वास लागला असेल. कुणी म्हणालं जमिनीत हादरा बसला असेल, जनावरांना आधी कळतं. मीही नंतर या विषयावरचं मिळेल ते वाचलं. पण बिबट्याला भ्यालेली शेळी कुत्र्याला खेटून गप्प उभी राहते का? आणि भ्यालेलं जनावर पळून गेल्यावर वळून माणसांकडं बघत थांबतं का? गावातले काही म्हणाले देवीचा कोप, सिनेमावाल्यांनी गाव बाटवलं. मावशीच्या दारात येऊन म्हणाले. ती म्हणाली, "कोप असंल तर देवीनं शूटिंगवाल्यांना धरायचं हुतं. माझ्या मालकानं काय केलंतं?"

सिनेमा तिथंच थांबला. शेठ एकदाच येऊन गेले, मावशीसमोर हात जोडून बसले, चहा न घेता उठले. त्या सकाळची रीळं धुवायला गेलीच नाहीत. सुधीर पुण्याला गेला. मीही ते काम सोडलं आणि बावड्यात मोबाईलचं दुकान टाकलं.

काकांचा जलदान विधी, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झाला त्या दिवशी सगळे नातेवाईक मावशीच्या मागं लागले — तो बैल बाजारात दे, खाटकाला दे, पण दारात ठेवू नको. माझे वडीलसुद्धा म्हणाले. मावशीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"इकला तर दुसऱ्या कुनाच्या तरी दारात जाईल," ती म्हणाली. "त्येंस्नी ठाऊक नसनार. मला निदान ठाऊक तरी हाय."

तिनं हौश्याला ठेवला. औताला कधी जुंपला नाही. वैरण टाकायची, पाणी ठेवायची, पण त्याच्याकडं पाठ करून कधी वळायची नाही. मागं मागं चालत गोठ्यातून बाहेर यायची. बघवायचं नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा तिच्याकडं गेलो होतो. अंगणात काजू वाळत घातले होते, दोघंच होतो. मी विचारलं, "मावशी, भ्या नाही वाटत त्याचं?"

"त्येचं न्हाई वाटत," ती म्हणाली. काजू वरखाली करत राहिली. मग हात थांबला. "राजू, समदी इचारत्यात जनावरं गेली का. बिबट्या म्हनू दे, भूकंप म्हनू दे, जनावर हाय, जाईल की. मी दुसराच इचार करत बसते. ती परत का आली?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, घर आहे त्यांचं, येणारच.

"तसं न्हवं रं. तितं उभं ऱ्हाऊन बघत हुती की आपल्याकडं. तू बी बघितलंस. जायाचं का ऱ्हायचं, ह्येचा इचार केल्यागत. दिवसभर केला. आनि मग समदी एकदम परत आली. म्हंजे कायतरी ठरलं असंल की त्येंचं." ती गोठ्याकडं बघत होती. "काय ठरलं असंल?"

आज हे लिहितानाही माझ्याकडं उत्तर नाही, आणि माझ्या वडिलांचा मुलगा म्हणून मला याची लाज वाटते. कुणाला असं काही दिसलं असेल, कुठल्या पुस्तकात सापडलं असेल, तर जरूर कळवा.

आत हौश्या ओरडला. मावशी उठली, वैरणीची पेंढी उचलली आणि मला म्हणाली, "तू बस. तू येऊ नगंस आत."

मी बसून राहिलो.